नवा अँकर आला, पण साडेसहाच्या बातम्यांचं वजन किती उरलंय?

सांजवार्ता

२ जून २०२५ पासून ‘एनबीसी नाइटली न्यूज’ या संध्याकाळी साडेसहाच्या बुलेटिनवर लेस्टर होल्ट यांच्या जागी टॉम यामास बसायला लागले आहेत. होल्ट दहा वर्षं त्या खुर्चीत होते, त्यानंतर ते पूर्णवेळ एनबीसीच्याच ‘डेटलाइन’ कार्यक्रमाकडे गेले. सीबीएसने जानेवारीतच नोरा ओडॉनेल यांच्या जागी जॉन डिकरसन आणि मॉरिस दुबॉय अशी जोडी आणली होती. म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या नेटवर्कपैकी दोघांचे संध्याकाळचे चेहरे सहा महिन्यांच्या आत बदलले. एबीसीवर डेव्हिड म्यूर २०१४ पासून आहेत आणि प्रेक्षकसंख्येत तेच पुढे आहेत.

चेहरा बदलला की दोन प्रकारचे लेख येतात. एकात ‘नव्या युगाची सुरुवात’ असते आणि दुसऱ्यात ‘हे बुलेटिन आता बघतं कोण’ असा सूर असतो. दोन्हीत कामाचं फार थोडं सापडतं, म्हणून हा धागा. आधी आकडे. १९८० मध्ये तिन्ही बुलेटिनं मिळून रोज पाच कोटींच्या वर लोक बघत, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या पावणेतेवीस कोटींच्या आत होती. आज एबीसी सत्तर-ऐंशी लाख, एनबीसी साठ लाखांच्या आसपास आणि सीबीएस चाळीस लाखांच्या आसपास. बेरीज दोन कोटींच्या खाली जाते आणि लोकसंख्या चौतीस कोटी झाली आहे. घसरण मोठी आहे यात वादच नाही. पण एकाच वेळी, एकाच क्रमाने लावलेल्या बातम्या इतके लोक बघतात अशी दुसरी जागा अमेरिकेत अजून तयार झालेली नाही. केबलवरच्या सर्वांत लोकप्रिय वृत्तवाहिनीचा रात्रीचा सरासरी प्रेक्षकसुद्धा एबीसीच्या निम्म्याच्या आसपास असतो.

माझं मत असं: नव्या अँकरमुळे आकडा फारसा हलत नाही. तो हलतो स्थानिक केंद्रांमुळे, वेळेमुळे आणि सवयीमुळे. अँकरचा खरा परिणाम होतो तो २२ मिनिटांत काय बसतं आणि काय गळतं यावर. तेव्हा मोजायचं असेल तर तेच मोजावं. जाणकारांनी भर घालावी.

ओसरी

२२ मिनिटं कशी? कार्यक्रम तर अर्ध्या तासाचा आहे ना?

सांजवार्ता

@ओसरी, अर्ध्या तासातली साधारण आठ मिनिटं जाहिरातींची. उरलेल्या २२ मधून सुरुवातीचे ठळक मथळे, ब्रेकआधीचे ‘पुढे पाहा’ आणि शेवटचा निरोप वजा केला की प्रत्यक्ष बातमीला वीसच्या आसपास मिनिटं राहतात. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर सगळं मिळून तीन हजार शब्द. बातमीदाराचं एक पॅकेज, म्हणजे त्याने आवाज आणि चित्रं जोडून तयार केलेली बातमी, दीड ते दोन मिनिटांचं असतं. त्यात त्याचा स्वतःचा आवाज मिनिटभर आणि बाकी दोन-तीन बाइट (इतरांच्या बोलण्याचे तुकडे), एकेक सात-आठ सेकंदांचा. म्हणून एखाद्या विधेयकावरच्या बातमीत आकडा एकच येतो, दुसऱ्याला जागाच नसते.

पहिला ब्रेक येण्याआधीचा जो सलग भाग असतो, तिथे बुलेटिनचा जीव असतो. तो लांब ठेवायचा आणि ब्रेक मागे ढकलायचे ही जुनी युक्ती, कारण रिमोट उचलला जातो तो पहिल्या जाहिरातीला. त्याची किंमत शेवटी मोजावी लागते. मागचे भाग दोन-दोन मिनिटांचे उरतात आणि त्यांच्या मध्ये जाहिरातींची रांग लागते.

मीटरवाला

चांगला धागा. स्थानिक केंद्रांचा मुद्दा नीट मांडतो, कारण अँकरवरच्या चर्चेत तो नेहमी राहून जातो.

नेटवर्क बातम्या बनवतं, पण घराघरात पोचवतात त्या शहरातली केंद्रं. काही नेटवर्कच्या मालकीची असतात, बहुतेक दुसऱ्या कंपन्यांची आणि करारावर चालणारी. साडेसहाला नेटवर्कचं बुलेटिन लागतं तेव्हा बहुतेक लोक ते शोधून लावत नाहीत. आधीच्या स्थानिक बातम्या आणि हवामान बघत बसलेले असतात आणि तिथेच राहतात. सहाची स्थानिक बातमी ज्या केंद्राची जोरात, त्याचं साडेसहाचं बुलेटिन अर्धं जिंकलेलं असतं. फिलाडेल्फियात एबीसीचं चॅनल ६ स्थानिक बातम्यांत अनेक दशकं दादा आहे आणि त्याचा लाभ आपोआप ‘वर्ल्ड न्यूज टुनाइट’ या एबीसीच्या साडेसहाच्या बुलेटिनला मिळतो.

सीबीएस तिसऱ्या क्रमांकावर का अडकलंय याचं एक मोठं कारण १९९४ सालचं आहे. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने एनएफएल या अमेरिकी फुटबॉल स्पर्धेतल्या एनएफसी गटाच्या सामन्यांचे हक्क सीबीएसकडून हिसकावले. पुढच्या मे महिन्यात न्यू वर्ल्ड कंपनीने आपली डझनभर केंद्रं फॉक्सकडे वळवली आणि त्यातली बहुतेक सीबीएसची होती. डेट्रॉइट, अटलांटा, क्लीव्हलंड, मिलवॉकी अशा मोठ्या शहरांत सीबीएसला जुनं, बातम्यांची घडी बसलेलं केंद्र सोडून कुठल्यातरी कमकुवत यूएचएफ (वरच्या लहरींच्या) चॅनलवर जावं लागलं.

डेट्रॉइटचं बघा. चॅनल २ गेलं आणि हाती आलं चॅनल ६२. त्या केंद्राकडे स्थानिक बातम्यांचा धड विभाग अनेक वर्षं नव्हता, पूर्ण ताकदीने तो उभा राहिला २०२३ मध्ये. आता सांगा, आधी स्थानिक बातम्याच नाहीत अशा केंद्रावर साडेसहाला कुणीही बसवा, त्याच्यासमोर प्रेक्षक येणार कुठून? तेव्हा खुर्चीत डॅन रादर आणि कॉनी चंग होते. त्यानंतर शीफर, कुरिक, पेली, ग्लोर, ओडॉनेल येऊन गेले आणि २०२५ मध्ये ही जोडी. माणसं बदलत गेली, शहरांतली केंद्रं मात्र तीच राहिली.

कोरा_कागद

मीटरवाला, तुमचा मुद्दा पटतो, पण अँकरचं महत्त्व तुम्ही फारच कमी करताय. दोन उदाहरणं देते.

केटी कुरिक ५ सप्टेंबर २००६ ला सीबीएसवर आल्या तेव्हा पहिल्या दिवशी सव्वा कोटीच्या वर लोकांनी बघितलं. एवढी गर्दी आणली कुणी? अँकरनेच. दुसरं उदाहरण होल्ट यांच्याआधीचे एनबीसीचे अँकर ब्रायन विल्यम्स यांचं. इराकमधल्या हेलिकॉप्टरचा प्रसंग चुकीचा सांगितला म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये एनबीसीने त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. पुढच्या दोनेक महिन्यांतच, पाच वर्षांहून जास्त टिकलेली एनबीसीची साप्ताहिक आघाडी एबीसीने मोडली. तेव्हा तर केंद्रं बदलली नव्हती!

मीटरवाला

कुरिक यांचा दाखला पुरा बघू. सव्वा कोटीचा आकडा कुतूहलाचा होता. काही आठवड्यांत बुलेटिन परत तिसऱ्या क्रमांकावर आलं आणि २००७ च्या वसंतात साठ लाखांच्या आसपास घुटमळत होतं. मार्च २००७ मध्ये कार्यकारी निर्माता बदलला, रोम हार्टमन यांच्या जागी रिक कॅप्लन आले. पाहुण्यांना मतं मांडायला दिलेला ‘फ्री स्पीच’ हा भाग त्याआधीच गुंडाळला होता. साडेसहाला बसणाऱ्या माणसाला दिवसभरात काय झालं ते हवं असतं. त्याच्या २० मिनिटांतली दीड मिनिटं कुणाच्या मतप्रदर्शनाला दिली तर एक बातमी गळते, आणि ते त्याला लगेच जाणवतं.

विल्यम्स यांच्याबाबत तुमचं म्हणणं अर्धं मान्य. पण म्यूर आल्यापासून एबीसी आधीच जवळ येत चाललं होतं. निलंबनाने वेग वाढला असेल, दिशा बदलली नाही. होल्ट यांनी पुढे ते बुलेटिन दहा वर्षं दुसऱ्या क्रमांकाच्या खाली जाऊ दिलं नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं.

कोरा_कागद

आणि त्याच कुरिक यांनी सप्टेंबर २००८ मध्ये त्याच तिसऱ्या क्रमांकाच्या बुलेटिनवर सेरा पेलिन यांची मुलाखत दाखवली. कोणती वर्तमानपत्रं वाचता, या साध्या प्रश्नावर उपाध्यक्षपदाच्या उमेदवार अडखळल्या आणि निवडणुकीची चर्चा फिरली. आकड्यात तिसरं असलेलं बुलेटिन त्या आठवड्यात पहिलं होतं, असं माझं ठाम मत आहे. अँकर असा मोजावा.

सांजवार्ता

@कोरा_कागद, अगदी! मला हेच म्हणायचं होतं. प्रेक्षकांची मोजणी एकीकडे आणि कामाची मोजणी दुसरीकडे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. मुंबई दूरदर्शनच्या सातच्या बातम्या बघत वाढलेल्यांच्या डोळ्यांसमोर प्रदीप भिडे येतात. स्वच्छ उच्चार, शांत चेहरा, समोर संपादकांनी तयार केलेला मजकूर. अमेरिकी नेटवर्कचा अँकर वेगळा असतो. यामास यांच्या नावापुढे अँकरबरोबर ‘मॅनेजिंग एडिटर’ असंही पद आहे, होल्ट यांच्याकडेही होतं. वॉल्टर क्रॉंकाइट यांनी सीबीएसवर हे पद गाजवलं. सकाळच्या बैठकीत कुठला बातमीदार कुठे जाणार, दुपारी रनडाउनमध्ये (बातम्यांच्या क्रमाच्या यादीत) कुठली बातमी वर आणि कुठली बाद, कुणाच्या पॅकेजला वीस सेकंद जास्त, हे ठरवताना त्याचा शब्द चालतो. मथळे आणि बातमीच्या आधीची दोन वाक्यं तो स्वतः लिहितो किंवा बदलून घेतो. कार्यकारी निर्माता आणि तो यांचं पटलं नाही तर ते पडद्यावर दिसतं: क्रम तुटक होतो, एकाच विषयाच्या दोन बातम्या दोन टोकांना पडतात.

ओसरी

मग यामास कसे आहेत? आत्तापर्यंत बघितलं त्यावरून?

मीटरवाला

पहिल्या आठवड्यावरून काहीच ठरवू नये. कारणं सांगतो.

एक म्हणजे जून. उन्हाळ्यात दिवस मोठा, लोक बाहेर, तिन्ही बुलेटिनं वर्षातल्या खालच्या पातळीवर असतात. नेटवर्क मुद्दाम उन्हाळ्यात बदल करतात, म्हणजे सप्टेंबरच्या हंगामाआधी नव्या माणसाचा हात बसतो. नोव्हेंबरचे आकडे आले की मागच्या नोव्हेंबरशी ताडून बघायचे. जूनची तुलना मे महिन्याशी केली तर कुणीही नवा माणूस पडलेलाच दिसेल.

दुसरं, सरासरी कशी काढली आहे ते तपासा. २०१७ मध्ये उघड झालेला प्रकार बहुतेकांना माहीत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवसासारख्या, प्रेक्षक कमी असणाऱ्या दिवशी नेटवर्क कार्यक्रमाचं नाव नील्सन या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या कंपनीकडे जाणूनबुजून चुकीच्या स्पेलिंगने नोंदवत. एनबीसीने ‘नाइटली’मधली अक्षरं बदलून नोंद केली, की नील्सनची यंत्रणा तो वेगळा कार्यक्रम समजे आणि तो दिवस सरासरीतून वगळला जाई. तिन्ही नेटवर्क हे करत होती. म्हणून साप्ताहिक सरासरी बघताना ती पाच दिवसांची आहे की चार किंवा तीन दिवसांची, हे आधी पाहायचं.

तिसरं, दोन आकडे असतात. एकूण प्रेक्षक आणि २५ ते ५४ वयोगट. जाहिरातीचा दर बराचसा दुसऱ्यावर ठरतो. कुठलं नेटवर्क कुठला आकडा पुढे करतंय यावरून त्याचं दुखणं कळतं.

रानवारा

जाहिरातींवरून आठवलं. या बुलेटिनांत औषधांच्याच जाहिराती इतक्या का असतात?

मीटरवाला

प्रेक्षकांचं मध्यम वय साठीच्या पुढे आहे म्हणून. शिवाय डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची अशी थेट जाहिरात जगात अमेरिका आणि न्यूझीलंड सोडून जवळजवळ कुठेच चालत नाही. १९९७ मध्ये औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने नियम सैल केले. दुष्परिणामांची पूर्ण यादी वाचण्याऐवजी मुख्य धोके सांगून बाकीची माहिती फोन नंबर, छापील जाहिरात, वेबसाइट यांवर ठेवायची मुभा मिळाली आणि टीव्हीवर हा पूर आला. या बुलेटिनांचं अर्थकारण आता त्यावर बरंच टेकलंय. तो नियम उद्या परत कडक झाला तर कुठल्याही अँकरबदलापेक्षा मोठा हादरा बसेल.

सांजवार्ता

आता कामाची मोजणी कशी करायची ते लिहिते. कुणालाही घरबसल्या जमेल.

सलग दोन आठवडे घ्या, त्यातले मंगळवार, बुधवार, गुरुवार. सोमवारी शनिवार-रविवारचं साठलेलं येतं आणि शुक्रवारी हलक्या गोष्टी वाढतात. तिन्ही नेटवर्कचं त्याच दिवसाचं बुलेटिन बघायचं. पूर्ण भाग यूट्यूबवर मिळतात. भारतातून बघणाऱ्यांना सोपं पडतं: न्यूयॉर्कचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे पहाटेचे चार (हिवाळ्यात पाच), तेव्हा सकाळच्या चहाला भाग तयार असतो.

तक्त्यात प्रत्येक बातमीसाठी सुरुवात, लांबी, आणि बातमीदाराचं पॅकेज आहे की अँकरनेच चित्रांवर वाचलं, हे लिहा. पुढचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: चित्रं कुणाची? स्वतःच्या कॅमेऱ्याची, की लोकांच्या मोबाइलवरची, पोलिसांच्या कॅमेऱ्यातली, सुरक्षा कॅमेऱ्यातली? मग विषय: हवामान, गुन्हा-अपघात, सरकार, परदेश, आरोग्य, बाकी. शेवटी, बातमीदार प्रत्यक्ष घटनास्थळी आहे का स्टुडिओत.

चुका कुठे होतात? यूट्यूबच्या आवृत्तीत जाहिराती नसतात, म्हणून ‘पहिला ब्रेक कितव्या मिनिटाला’ हे तिथून मोजताना मथळ्यांचा वेळ धरला की वगळला ते सगळीकडे सारखं ठेवा. मथळ्यातली बातमी पुन्हा मोजू नका, नाहीतर हवामान दुप्पट दिसतं. मोठी घटना घडली तर तो दिवस वेगळा काढा. पश्चिम किनाऱ्यावर ध्वनिमुद्रित बुलेटिन दाखवतात आणि काही घडलं तर तेवढा भाग नव्याने करतात, त्यामुळे लॉस एंजेलिसमधल्या आणि न्यू जर्सीतल्या दोघांनी टीव्हीवरून मोजलं तर क्वचित फरक येतो.

मोजल्यावर एबीसीची घडण लगेच कळते: बातम्या जास्त, प्रत्येक छोटी, हवामान आणि मिळालेली चित्रफीत भरपूर. सीबीएसची जोडी २०२५ मध्ये उलट करत होती. मथळे कमी आणि विषय लांबवलेले. मला सीबीएसचं ते धोरण जास्त पटलं. आकडे मात्र एबीसीकडे आहेत आणि त्यामुळे यामास कुठल्या बाजूला झुकतात ते बघायची उत्सुकता आहे. ते स्वतः २०२१ पर्यंत एबीसीत होते, तिथली गती त्यांना पाठ आहे. शिवाय एनबीसीच्या फुकट स्ट्रीमिंग वाहिनीवर सातला ते ‘टॉप स्टोरी’ही करतात. साडेसहाला न मावलेलं सातला मावतं का, हा तक्त्यातला आणखी एक रकाना करा.

कोरा_कागद

जुन्याशी तुलना करायची असेल तर व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाच्या संग्रहात ५ ऑगस्ट १९६८ पासूनची तिन्ही बुलेटिनं नोंदवलेली आहेत. प्रत्येक बातमीचा गोषवारा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ यांसह. शोध फुकट आहे, चित्रफीत मागवायला पैसे पडतात. म्हणजे क्रॉंकाइट यांच्या एखाद्या मंगळवारचा तक्ता चित्रफीत न बघताही करता येतो.

त्याआधीच्या काळासाठी एवढं ध्यानात ठेवा की २ सप्टेंबर १९६३ पर्यंत सीबीएसचं बुलेटिन पंधरा मिनिटांचंच होतं. त्या दिवशी ते अर्ध्या तासाचं झालं आणि क्रॉंकाइट यांनी केनेडींची मुलाखत दाखवली. एनबीसीने आठवड्याने तेच केलं, एबीसीने थेट १९६७ मध्ये.

रानवारा

सगळं छान आहे, पण चाळिशीच्या आतलं कोण बघतं हे? माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत अर्धा तास उरणार नाही, फक्त तुकडे उरतील.

मीटरवाला

थेट प्रसारणाचा प्रेक्षक कमीच होत जाणार, याबद्दल दुमत नाही. पण २०२० चा मार्च-एप्रिल आठवा. घरात बसायची वेळ आली तेव्हा एबीसीचं बुलेटिन एक कोटीच्या बरंच वर गेलं आणि काही आठवडे देशातल्या सगळ्या मनोरंजनाच्या कार्यक्रमांपेक्षा जास्त बघितलं गेलं. अडचणीच्या वेळी लोक जिथे जातात ती जागा रोज उघडी ठेवावी लागते. तुकड्यांबद्दल म्हणाल, तर ते बनतात ते याच बातमीदारांच्या, याच कॅमेऱ्यांच्या खर्चावर. अर्धा तास बंद केला तर लंडन, तेल अवीव, बीजिंगची कार्यालयं कुणाच्या हिशेबात चालवणार?

ओसरी

एक व्यवहारी प्रश्न. केबल बंद केली आहे, फिलाडेल्फियाच्या उपनगरात खिडकीला चपटा अँटेना लावलाय. एनबीसी आणि सीबीएस स्वच्छ दिसतं, एबीसी मात्र अडकत राहतं. म्यूर दिसतच नाहीत!

तारखांब

हे अगदी नेहमीचं आहे. तुमच्याकडे एनबीसी आणि सीबीएस यूएचएफवर आहेत. एबीसीचं चॅनल ६ मात्र अजून खऱ्याच सहाव्या चॅनलवर, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झवर प्रसारित होतं. इतक्या खालच्या लहरीला फूटभराचा चपटा अँटेना पुरत नाही.

जुन्या पद्धतीचा दोन दांड्यांचा अँटेना आणा. प्रत्येक दांडी ३३ इंच, म्हणजे साधारण ८४ सेंटिमीटर ओढा आणि दोन्ही जवळपास आडव्या ठेवा. इंग्रजी व्ही करून उभ्या केल्या तर सिग्नल कमी होतो. दांड्यांची रुंद बाजू फिलाडेल्फियातल्या रॉक्सबरोच्या प्रसारण मनोऱ्यांकडे हवी, टोकं नकोत. मग टीव्हीवर चॅनल पुन्हा शोधा.

तरी अडकत असेल तर तीन गोष्टी तपासा. अँटेनाजवळचे एलईडी दिवे आणि स्वस्त चार्जर एकेक करून बंद करून बघा. या पट्ट्यात त्यांचा गोंगाट फार येतो. ॲम्प्लिफायर असेल तर काढा. काहींमध्ये एफएम रेडिओ अडवणारी चाळणी असते, एफएम ८८ पासून सुरू होतो, त्यामुळे ती चाळणी चॅनल ६ लाही कापते. आणि केबलची जोडणी घट्ट आहे ना ते बघा.

न्यूयॉर्क-जर्सीवाल्यांचं एबीसी खऱ्या सातव्या चॅनलवर आहे. तिथे प्रत्येक दांडी १६ इंच पुरते.

ओसरी

दांड्या आडव्या केल्या आणि खिडकीतला एलईडी दिवा काढला. एबीसी आलं. मंगळवारपासून तिन्हींचा तक्ता सुरू करतो, मथळे वगळून मोजणार आहे.

सांजवार्ता

तक्ता इथेच टाका. मी त्याच दिवसांचा सातच्या ‘टॉप स्टोरी’चा रकाना भरते. मीटरवाला, नोव्हेंबरचे आकडे आले की किती दिवसांची सरासरी आहे ते तपासून याच धाग्यावर लिहाल का?

मीटरवाला

लिहितो. २५ ते ५४ चा आकडा वेगळा देईन.